एकतिसावं नाव

५ फेब्रुवारी

प्रिय गारगोटे,

जानेवारीची यादी परवा मिळाली. सूनबाईने पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आले तुमचे आकाशातले पाहुणे." मी चष्मा शोधायला लागलो तर तो नाकावरच होता.

या खेपेला जगभरातले अठ्ठावीस नवे उल्कापाषाण. दोन दिवसांत सगळ्यांची कार्डं करून झाली. नाव, वजन, प्रकार, कुठे सापडला, कोणाला सापडला, आणि शेवटची ओळ, 'कोणी कळवलं : गारगोटी'. सूनबाई म्हणते, ती ओळ छापूनच का घेत नाही, दर वेळी तेच तेच काय लिहायचं? तिला काय सांगणार! तुमच्या त्या हौशी मंडळींसारखा रोज सकाळी संगणकापुढे ठाण मांडून बसणारा मी नाही. कुठे एखादा दगड मंजूर झाला की तासाभरात त्यांच्यात बोंब होते म्हणे. सूनबाईच्या फोनवरही यादी दिसते, ती दोनदा दाखवायला आली होती. मी नको म्हटलं. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले, हातात आलेल्या वस्तूवरच विश्वास बसतो. नऊ वर्षं तुझ्या हातचं पाकीट येतंय, ते पुरे आहे.

आता खरं काम. सोबत रजिस्टर पार्सल पाठवतोय. हसू नकोस. आधीचे अकरा दगड तू भट्टीची मळी आणि गंजकं लोखंड म्हणून परत केलेस, मान्य. हा बारावा मी शोधलेला नाही. हा तुझ्या वहिनीचा.

गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवलेला काळा दगड तुला आठवत असेल. एकोणीस वर्षांपूर्वी ती ओढ्यावरून घेऊन आली होती. म्हणाली, "आकाराच्या मानाने जड आहे हो, जरा वजन करून बघा." मी म्हणालो, "दाराला लाव." सगळ्या गावाची मापं मी तपासायचो, आणि बायकोने आणलेला दगड एकदा काट्यावर ठेवला नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात तिला जाऊन वर्ष झालं. गॅलरी झाडताना तो उचलला आणि हाताला कळलं. तीनशे शहाऐंशी ग्रॅम. एका बाजूला जळकी साल आहे, तू शिकवलीस तशी. लोहचुंबक लावलेला नाही, त्याने दगडातल्या मूळ खुणा पुसतात म्हणतेस ना, तुझी शपथ.

खरा निघाला तर मला एकच हवंय. 'कोणाला सापडला' या रकान्यात तिचं नाव. त्या यादीत ते कायमचं राहील. मी तिला हसलो होतो, त्याचं माझ्याकडून एवढंच.

दादा


१९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

बस खाली. दगड खरा आहे!

पार्सल उघडलं तेव्हाच ती साल भिंगाखाली धरून बघितली होती, पण तुझ्या अकरा दगडांनी शहाणी केलेली, म्हटलं आधी कापून बघू. हिऱ्याच्या करवतीवर टोकाचा एक काप काढला. आत धातूचे कण लखलख करत होते, आणि गोल गोल दाणे. काचेवर चिकटवून घासला, कागदाहून पातळ केला, संस्थेतल्या आमच्या साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "साध्यातला साधा प्रकार, पण अस्सल." अस्सल म्हणाले, दादा! मी तिथेच वहिनीला मनातल्या मनात नमस्कार केला.

आता रीत अशी. वीस ग्रॅमचा तुकडा नमुना म्हणून आमच्या संस्थेत कायमचा राहतो, बाकीचा तुला परत. साहेब तपासणीचे आकडे देतात, मी फॉर्म भरते, मग उल्कापाषाणांची नावं ठरवणाऱ्या समितीचे लोक मत देतात. मंजूर झाला की नाव यादीत. नाव जवळच्या ठिकाणाचं द्यायचं असतं, म्हणजे आपल्या ओढ्याचं! ज्या ओढ्यात तू मला ढकललं होतंस आणि फ्रॉकचे खिसे खड्यांनी भरलेले म्हणून मी बुडतच होते, त्या ओढ्याचं नाव जगभरचे वेडे वाचतील.

वहिनीचं नाव टाकायचं माझ्याकडे लागलं. शाळेच्या दाखल्यावर होतं तसं पूर्ण लिहून पाठव.

तुझी गारगोटी


२ मार्च

प्रिय गारगोटे,

तुझं पत्र सूनबाईकडून दोनदा वाचून घेतलं. एकदा मला दिसेना म्हणून आणि एकदा उगीच.

वहिनीचं पूर्ण नाव वेगळ्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून जोडलंय. तिसरं अक्षर जोडाक्षर आहे, ते सांभाळ. लोक नेहमी चुकायचे आणि ती नेहमी चिडायची.

काल ओढ्यावर जाऊन आलो. पुलाच्या खाली, डाव्या अंगाला, तिने तो उचलला होता. तिथे आता पाणी घोट्याएवढंही नाही. कठड्याला टेकून उभा राहिलो आणि एकटाच हसलो. एक माणूस विचारायला आला, बरं वाटत नाही का? म्हटलं, फार बरं वाटतंय.

तिच्यासाठी कार्ड कापून ठेवलंय, कोरं. यादी आली की भरीन.

दादा


२८ एप्रिल

ती. दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. दोन महिन्यांच्या याद्या एकत्र पाठवते आहे. तुझा फॉर्म पुढे गेलाय. समिती म्हणजे समिती, कोणी प्रश्न विचारतं, कोणी सुट्टीवर जातं. घाई करून उपयोग नाही.

इकडे माझी निवृत्तीची तयारी. ऑगस्टअखेर शेवटचा दिवस. त्या करवतीच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली. उजव्या तर्जनीचं नख तिथेच गेलं ते परत आलं नाही. परवा सहज बसून मोजलं, आपल्या संस्थेतून गेलेले सहाशेच्या वर दगड मी कापले. प्रत्येक नोंदीत 'तपासणारे' म्हणून साहेबांचं नाव. कापणारीचा रकानाच नसतो. कुणाला शेताच्या बांधावर ठेच लागते, तो दगड आणून देतो, त्याचं नाव कायमचं छापलं जातं. असो. म्हातारपणी माणूस भलत्या गोष्टी मोजायला लागतं.

गारगोटी


११ मे

प्रिय गारगोटे,

तुझ्या पत्राने मन खट्टू झालं. निवृत्ती सगळ्यांनाच जड जाते. मी दुकान बंद केलं तेव्हा आठवडाभर घरातल्या डब्यांची झाकणं तपासत होतो. तुझी वहिनी शेवटी म्हणाली, "आता माझं वजन करा, पण गप्प बसा."

नाव छापून येत नाही म्हणून खंत करू नकोस. मी दुरुस्त केलेल्या कुठल्या काट्यावर माझं नाव आहे? तू कापलेला प्रत्येक काप तुझ्या हाताचा आहे, हे मला माहीत आहे. सुटली की इकडे ये, ओढ्यावर जाऊ.

माझ्या दगडाची घाई नाही. खोटं बोललो. आहे.

दादा


९ जून

ती. दादा,

मे महिन्याची यादी सोबत. नेहमीसारखी वाळवंटातले नुसते नंबरवाले दगड गाळून, फक्त नावाचे ठेवलेत.

आपला अजून समितीतच आहे. आला की तुला पहिल्यांदा कळवीन, दुसऱ्या कुणाकडून नाही. सूनबाईचा फोन बघत बसू नकोस, त्यावर अर्धवट माहिती असते आणि तुझ्या डोळ्यांना त्रास.

इथे खूप गडबड आहे, म्हणून चार ओळीच.

गारगोटी


१७ जून

प्रिय गारगोटे,

कार्डं झाली. एक गंमत आहे. तुझ्या यादीच्या डोक्यावर यंत्राने छापलंय, 'एकूण ३१'. माझी कार्डं झाली तीस. म्हटलं डोळे गेले, पुन्हा मोजली. तीस. मग सूनबाईला बसवलं, तिचीही तीस. एक दगड वाटेत पडला की काय?

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहितोय म्हणून हसशील. पण काटा अडला की कारण सापडेपर्यंत मला दुकान बंद करता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

दादा


२५ जून

ती. दादा,

तू आणि तुझी मोजणी! अरे, मी यादी काढली आणि त्यानंतर एक दगड समितीने मागे घेतला. काहीतरी कागदपत्राची अडचण. मी त्याची ओळ काढून टाकली, वरचा आकडा बदलायचा राहिला. बस्स, एवढंच. एकतीस खोडून तीस कर आणि शांत झोप.

गारगोटी


३ जुलै

गारगोटे,

तुझं पत्र आलं आणि मी आकडा खोडला. पेन खाली ठेवलं आणि मनात आलं, ज्याचा दगड मागे घेतला त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल? तो कोणीतरी आपल्यासारखाच यादीकडे डोळे लावून बसला असेल. कुठला दगड ते तरी कळावं म्हणून सूनबाईला म्हटलं, तुझ्या फोनवर मे महिना काढ.

तिने दोन मिनिटांत काढला. मोठ्याने वाचत गेली आणि आपल्या ओढ्याच्या नावाशी थांबली. चौदा मे. मागे घेतलेला नाही, मंजूर आहे.

नोंद तिने वाचून दाखवली. मी कागदावर उतरवून घेतली. ओढ्याच्या पात्रात, पुलाखाली सापडला. एकोणीस वर्षं गॅलरीचं दार अडवायला वापरला. सापडला कोणाला, तर तुला. तुझं पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. स्पेलिंग अगदी बिनचूक.

तुझ्या घराला तर गॅलरीच नाही, गारगोटे.

नाव घेतलंस ते घेतलंस, तिचं दारही घेतलंस? मी ते तुला लिहिलं होतं. माझी चूक, माझी लाज म्हणून लिहिलं होतं. ते तू उचलून फॉर्ममध्ये घातलंस.

आता जे काही असेल ते सांग. गंमत म्हणून नको, थोडक्यात नको. सांग.

दादा


२० जुलै

दादा,

तीन कागद लिहून फाडले. हा चौथा.

मी वहिनीचं नाव लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं, जोडाक्षरासकट. फॉर्म माझ्या टेबलावर होता. साहेब म्हणाले, "कोणाला सापडला ते तुम्हालाच माहीत, भरून पाठवून द्या," आणि मीटिंगला गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, तुमच्या जागी यंत्र येणार आहे, आपोआप कापणारं, तेव्हा ऑगस्टच्या आत खोली रिकामी करा. एवढं बोलले आणि गेले. मी करवतीकडे बघत बसले. मग तो रकाना पुसला आणि माझं नाव लिहिलं.

मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. वहिनी गेली, तिला कुठे कळणार आहे. त्या ओढ्यात मीही खडे वेचलेत. खरा आहे हे ओळखलं मीच, नाहीतर तो दारालाच राहिला असता. एका दुपारी एवढी सगळी कारणं सुचली. एकही कारण तुला लिहिता आलं नाही, त्यावरून काय ते समज.

मंजुरी आली त्या दिवशी हौशी मंडळींनी अभिनंदनाचे निरोप पाठवले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. एकाने विचारलं, गॅलरीच्या दाराची गोष्ट खरी का? मी हो म्हटलं. त्या रात्रीपासून मला जेवण जात नाही. तुझ्या यादीतली ओळ मी काढली, वरचा आकडा राहून गेला. बाई सहाशे दगड मिलिमीटरने कापते आणि एक आकडा पुसायला विसरते. मला वाटतं, माझाच हात मला पकडून द्यायला निघाला होता.

माझं नाव कुठेच नव्हतं, दादा. कुठेच. एवढंच होतं. तू म्हणशील ते करीन.

गारगोटी


१ ऑगस्ट

समितीला लिही. जे केलंस ते लिही, गैरसमज झाला वगैरे नको. नाव दुरुस्त करून घे. आणि दगडाचा उरलेला भाग परत पाठव, तो माझ्या घरचा आहे.

वहिनीला कळणार नाही म्हणतेस. मला कळलं. मी तिच्यासाठीच मागितलं होतं आणि तुझ्याकडेच मागितलं होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या घालून गप्प बसलो असतो.

दादा


६ नोव्हेंबर

तीर्थरूप दादा,

दुरुस्ती काल मंजूर झाली. तिचं पान सोबत जोडलंय. 'कोणाला सापडला' इथे वहिनीचं नाव आहे, तिसरं अक्षर बरोबर आहे. खाली बारीक अक्षरांत छापलंय की आधीच्या नोंदीत संस्थेच्या कर्मचाऱ्याने चुकीची माहिती दिली होती. तो कर्मचारी मी. आता माझा उल्लेख यादीत आहे, तोही नावाशिवाय.

साहेब म्हणाले होते, कशाला उकरून काढता, संस्थेची नाचक्की. मी ऐकलं नाही. मग शेवटच्या दिवशी खोलीत कोणी आलं नाही. मीच दिवा बंद केला, किल्ली चौकीदाराकडे दिली आणि घरी आले. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं म्हणजे त्यासाठीच लिहिते आहे, पण तू काही वाटून घेऊ नकोस.

दगड पार्सलने पाठवलाय. तीनशे एकसष्ट ग्रॅम. वीस संस्थेत, पाच करवतीत गेले. निवृत्तीनंतरही यादी मला घरून काढता येते. ऑक्टोबरची पाठवू का? एका शब्दात कळव. नाही कळवलंस तरी मी दर महिन्याला टपालाची वाट बघीन.

तुझी गारगोटी


१८ नोव्हेंबर

गारगोटे,

पार्सल मिळालं. तीनशे एकसष्ट भरलं. उघडल्या उघडल्या मी ते काट्यावर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की तुझं सांगणं मी आज पहिल्यांदा तपासून घेतलं.

दगड पुन्हा गॅलरीच्या दाराशी ठेवलाय. कापलेली बाजू भिंतीकडे केली आहे.

समितीला लिहिलंस, सोसलंस, ते मी मानतो. साहेबांनी तुला तसं जाऊ दिलं त्याचं मला खरंच वाईट वाटलं, तू नको म्हटलंस तरी. पण तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुझं नाव कुठेच नव्हतं म्हणालीस. माझ्या कपाटात सहा खोकी आहेत. तीन हजार दोनशे सहा कार्डं. प्रत्येकावर तुझं नाव आहे, माझ्या हाताने लिहिलेलं, शेवटच्या वर्षांत तर भिंग धरून. नऊ वर्षं मी तुला हे पत्रातून सांगत आलो. तुला ते दिसलंच नाही, की ते नाव नावात जमा नव्हतं?

ती कार्डं मी फाडलेली नाहीत. लिहिली तेव्हा खरी होती.

तुझ्या वहिनीचं कार्ड काल केलं. इथे उतरवून देतो.

नाव : आपल्या ओढ्याचं
वजन : ३८६ ग्रॅम
प्रकार : साध्यातला साधा, अस्सल
कुठे सापडला : पुलाखाली, डाव्या अंगाला
कोणाला सापडला : तुझ्या वहिनीला
कोणी कळवलं :

तिथे पेन टेकवून बराच वेळ बसलो. ठिपका पडला, नाव उतरलं नाही. तो ठिपका तसाच आहे.

यादी पाठवू नकोस. महिन्यातून एकदा सूनबाई फोनवरून वाचून दाखवते, मी लिहून घेतो. कोरी कार्डं संपली होती म्हणून नवी छापायला टाकली. ती म्हणाली, आता तरी ती शेवटची ओळ छापूनच घ्या. मी म्हटलं, नव्या कार्डांवर ती ओळच नको.

दादा